चाक फिरते, पान हलत नाही

घरातली एखादी वस्तू बिघडली की चौकशी आधी माणसाची होते, वस्तूची नंतर. मिक्सर थांबला की, ''काय घातलंस त्यात?'' गीझर जळला की, ''चालू कोणी ठेवला होता?'' आणि संगणकाचा माऊस हट्टाला पेटला की, ''बाबा, तुम्ही काय दाबलंत?''

केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीला आलेली आणि निवृत्तीनंतर इथेच स्थिरावलेली मराठी कुटुंबे आज दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम अशी विखुरलेली आहेत. त्यांतल्या कित्येक घरांत एका कोपऱ्यात जुना डेस्कटॉप संगणक असतो. मुलाला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला, नातवंडांच्या हाती मोबाइल आले आणि टेबलावरचा मोठा पडदा आपोआप घरातल्या ज्येष्ठांकडे आला. मोबाइलवरची अक्षरे बारीक वाटतात, इथे ती मोठी करता येतात. पुण्या-मुंबईच्या मराठी दैनिकांच्या ई-आवृत्त्या, पेन्शन खात्याचा हिशेब, विजेचे बिल, अमेरिकेतल्या भाचीचे पत्र, एखादी विसरलेली पाककृती, सारे त्या एका पडद्यावर. सकाळचा चहा झाला की दोन तास कसे जातात ते कळत नाही.

या दोन तासांचा सगळा कारभार चालतो तो माऊसच्या दोन बटणांमधल्या एका लहानशा चाकावर. बोटाने ते खाली फिरवले की पुढचा मजकूर वर येतो. एके दिवशी चाक फिरते, पण पान जागचे हलत नाही. किंवा खाली जाताजाता मध्येच झटका खाऊन वर उडी मारते. अग्रलेखाचा दुसरा परिच्छेद चालू असताना पहिला पुन्हा समोर येतो. दोनदा, तीनदा, दहादा.

मग संध्याकाळची वाट पाहणे सुरू होते. मुलगा ऑफिसातून दमून येतो, येताजाता दीड तास रस्त्यात गेलेला असतो. ''उद्या बघतो,'' म्हणतो. नातू येतो, दोन मिनिटे काहीतरी खटखट करतो. ''आजोबा, व्हायरस आला असेल,'' असे निदान करून निघून जातो. सूनबाई समजूतदारपणे म्हणतात, ''असू द्या हो, मोबाइलवर वाचा ना.'' कोणाच्याच मनात वाईट नसते. पण तिसऱ्या दिवशी त्या घरातला वडीलधारा माणूस मनाशी एक खूणगाठ बांधतो, 'हे आता आपल्याला जमण्यातले राहिले नाही.' संगणकावर झाकण पडते. बिघाड माऊसमध्ये होता, शिक्षा मात्र माणसाने स्वतःला करून घेतली.

म्हणूनच एवढ्याशा चाकाची कहाणी जरा नीट समजून घेण्याजोगी आहे.

चाकापासून चाकापर्यंत

माऊसचा जन्मच चाकांवर झाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून आणि बिल इंग्लिश यांच्या हातून १९६४ मध्ये पहिला माऊस तयार झाला. ती लाकडाची एक छोटी पेटी होती. तिच्या तळाला एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाके होती. एक आडवी हालचाल मोजायचे, दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट यांनी तो जाहीरपणे चालवून दाखवला.

पुढे चाकांची जागा गोळीने घेतली. नव्वदच्या दशकात ज्यांनी बँकेत, सरकारी कार्यालयात किंवा गल्लीतल्या संगणक वर्गात पहिल्यांदा माऊस हातात धरला, त्यांना ती जड रबरी गोळी आठवत असेल. आठ-पंधरा दिवसांनी पडद्यावरचा बाण अडखळू लागायचा. मग माऊस उलटा करायचा, तळाची गोल चकती फिरवून काढायची, गोळी तळहातावर घ्यायची आणि आतल्या रुळांवर चिकटलेला मळाचा थर नखाने खरवडायचा. त्यासाठी कोणी तंत्रज्ञाला बोलावत नसे. शिलाई मशीनमध्ये तेल घालावे तितक्या सहजपणे ते काम होत असे.

मग प्रकाशावर चालणारे माऊस आले. गोळी गेली, रूळ गेले आणि त्यांच्याबरोबर साफसफाईची सवयही गेली. माऊस आतून साफ करावा लागतो हेच लोक विसरले. पण त्याआधी, १९९६ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या 'इंटेलिमाऊस'ने पाने सरकवण्याचे चाक घरोघरी लोकप्रिय केले होते. ते चाक राहिले. पूर्वी तळाशी असलेले चाक आता पाठीवर आले, एवढेच. आजच्या साध्या माऊसमध्ये बटणे सोडली तर सतत फिरणारा भाग हा एकच. साहजिकच धूळ खाण्याचे आणि झिजण्याचे काम त्याच्याच वाट्याला येते.

धूळ नावाची पाहुणी

दिल्लीकरांना धुळीची ओळख करून द्यायला नको. मे-जूनमध्ये राजस्थानच्या बाजूने 'आँधी' येते तेव्हा बंद खिडक्यांच्या फटींतूनही पिवळसर भुकटी आत येते. सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. नोएडा-गुरुग्रामच्या नव्या वसाहतींत शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चाललेले असतेच. हिवाळ्यात हवा इतकी बिघडते की बांधकामांवर बंदी घालावी लागते. त्यातच उन्हाळ्यात खिडकीला लावलेला कूलर ओलसर हवा थेट खोलीत सोडतो. ओल आणि धूळ एकत्र आली की तिचा चिकटा होतो. त्यात हाताला लागलेले तेल, बिस्किटाचा चुरा, उदबत्तीची राख आणि डोक्यावरून गळलेला एखादा केस यांची भर पडते.

चाकाच्या दोन्ही बाजूंना जी बारीक फट असते, तिच्यातून हे सारे आत जाते. आत काय घडते ते कळले की चाकाचे वागणे विचित्र वाटेनासे होते.

चाकाच्या आसाला एक लहानसा भाग जोडलेला असतो. चाक किती फिरले आणि कोणत्या दिशेला फिरले, हे सांगणे त्याचे काम. तो दोन प्रकारचा असतो. काही माऊसमध्ये धातूच्या बारीक पट्ट्या एकमेकींवर घासतात, तर काहींत चाकाला खाचा असतात आणि त्यांतून अदृश्य प्रकाशाचा किरण आरपार जातो. दोन्ही प्रकारांत संगणकाकडे दोन इशारे जातात, एकामागोमाग एक. पहिला आधी आला तर चाक खाली फिरते आहे, दुसरा आधी आला तर वर. आता मळामुळे यातला एखादा इशारा मध्येच गळाला की संगणकाचा दिशेविषयी गोंधळ होतो. चाक खाली फिरत असूनही तो ते वर फिरल्याचे समजतो. पान उलटी उडी मारते ती यामुळे. प्रकाशावर चालणाऱ्या प्रकारात एखादा केस किरणाच्या वाटेत अडकला तरी हेच होते.

म्हणजे उलटी उडी हे बहुधा मळाचे किंवा झिजेचे लक्षण आहे. आजोबांच्या बोटाचा किंवा 'व्हायरस'चा त्यात काही दोष नसतो.

आधी निदान, मग औषध

डॉक्टर औषध देण्यापूर्वी नाडी पाहतात. माऊसच्या बाबतीतही आधी एवढेच ठरवायचे असते की दुखणे माऊसचे आहे, संगणकाचे आहे, की त्या एका कार्यक्रमाचे. हे ठरवायला कोणतेही हत्यार लागत नाही.

पहिली तपासणी अशी. वर्तमानपत्राच्या पानावर चाक चालत नसेल तर दुसरा एखादा कार्यक्रम उघडावा, मोठे पत्र किंवा फोटोंचा फोल्डर. तिथे चाक नीट चालले तर माऊस निर्दोष आहे. ते पानच अडकले असेल. ते बंद करून पुन्हा उघडावे. चाक कुठेच चालत नसेल तर संगणक एकदा रीतसर बंद करून सुरू करावा. हा उपाय इतका साधा आहे की लोक तो करायला लाजतात, पण पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

दुसरी तपासणी. माऊसची वायर काढून संगणकाच्या दुसऱ्या खाचेत लावावी. आधीची खाच सैल झाली असेल तर इथे फरक दिसेल.

तिसरी तपासणी अदलाबदलीची. शेजाऱ्यांचा किंवा मुलाच्या लॅपटॉपचा माऊस दहा मिनिटांसाठी मागून आणावा आणि आपल्या संगणकाला लावावा. तो नीट चालला तर आपला माऊस आजारी. तोही चालला नाही तर दोष संगणकाच्या आत आहे. उलट आपला माऊस दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला की खात्रीच पटते. विजेचा दिवा लागला नाही तर गृहिणी आधी बल्ब बदलून पाहते, मग होल्डर, मग वायरमनला बोलावते. युक्ती तीच आहे.

जे आजार नव्हेतच

काही तक्रारींत बिघाड काहीच नसतो, पण घाबरायला होते ते याच तक्रारींनी.

पान वर-खाली जाण्याऐवजी अक्षरे एकदम मोठी किंवा बारीक होऊ लागली, तर कीबोर्डवरची 'कंट्रोल' ही कळ दाबलेली राहिली आहे असे समजावे. ती दाबून चाक फिरवले की आकार बदलतो, अशी सोयच केलेली असते. कळ खाली अडकली असेल किंवा तिच्यावर चष्म्याचे घर टेकले असेल. कळ मोकळी करावी. मग 'कंट्रोल' आणि शून्य एकत्र दाबले की ब्राउझरमधली अक्षरे पूर्वीच्या मापाची होतात. हीच सोय ज्येष्ठांनी मुद्दाम वापरावी, चष्मा विसरला तरी वाचता येते.

पान आपले आपण धावत सुटले, बाण हलवावा तसे ते पळू लागले आणि मध्ये एक गोल खूण दिसली, तर चाक फिरवताना चुकून दाबले गेले आहे. चाक हे बटणही असते, हे कित्येकांना ठाऊकच नसते. पुन्हा एकदा क्लिक करावे किंवा कीबोर्डच्या कोपऱ्यातली 'एस्केप' कळ दाबावी. धावाधाव थांबते.

चाक एक खूण फिरवले की पान फारच कमी किंवा फारच जास्त सरकत असेल, तर तो फक्त प्रमाणाचा प्रश्न आहे. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', मग 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'माऊस' असे गेले की चाकाच्या एका खुणेला किती ओळी सरकाव्यात हे ठरवता येते. तिथेच एका वेळी अख्खा पडदा सरकवण्याचाही पर्याय असतो. कोणी खेळताना तो निवडून ठेवला तर वाचणाऱ्याला पाने उड्या मारत आहेत असेच वाटते. ओळींचा आकडा साधारणतः तीन असतो. ज्यांना सावकाश वाचायचे आहे त्यांनी तो दोन किंवा एक करावा.

बिनवायरचा माऊस असेल तर आधी सेल बदलून पाहावा. त्याचा नखाएवढा रिसीव्हर टेबलाखालच्या डब्याला, अगदी मागच्या बाजूला लावलेला असेल तर तो पुढच्या खाचेत आणावा. यूएसबी ३.० च्या खाचा पुष्कळदा आतून निळ्या असतात. तिथे जोडलेल्या हार्ड डिस्कमुळे बिनवायरच्या माऊसच्या लहरींत व्यत्यय येऊ शकतो, हे इंटेल कंपनीने २०१२ मध्येच दाखवून दिले आहे. अशा वेळी चाकाबरोबर बाणही अडखळतो. हातभर लांबीची जोडवायर घेऊन रिसीव्हर माऊसजवळ टेबलावर आणला की तक्रार मिटते.

माऊसची आंघोळ, पण कोरडी

दुखणे मळाचेच ठरले तर साफसफाई घरच्या घरी होते. माऊसची वायर काढावी, बिनवायरचा असेल तर सेल काढावेत. माऊस उलटा धरून हलकेच थोपटावा. फोटोग्राफर वापरतात तसा रबरी फुग्याचा ब्लोअर मिळाला तर चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटींत हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, फुंकरीबरोबर ओल आत जाते. मग चाक दोन्ही दिशांना मिनिटभर भराभर फिरवावे. आतल्या पट्ट्यांवर बसलेला मळ घासला जाऊन पुष्कळदा एवढ्यानेच चाक ताळ्यावर येते.

चाकाचा रबरी भाग चिकट झाला असेल तर कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावा. काडी ओलसर असावी, थेंब गळता कामा नये. तेल मात्र घालू नये. दाराच्या बिजागरीचा किंवा शिलाई मशीनचा न्याय इथे चालत नाही. खाण्याचे किंवा मशीनचे तेल आत गेले की त्यावर दुप्पट धूळ बसते.

माऊस उघडण्यापूर्वी वॉरंटीचा कागद पाहावा. मुदत बाकी असेल तर उघडू नये, दुकानदाराकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्राकडे न्यावा. मुदत संपली असेल आणि घरात कोणाला छोटा स्क्रू-ड्रायव्हर धरता येत असेल तर हरकत नाही. स्क्रू दिसले नाहीत तर ते तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. आत बहुधा चाकाला गुंडाळलेला केसांचा पुंजका सापडतो. तो चिमट्याने काढावा आणि कोणता भाग कुठे होता याचा आधीच मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा.

नेहरू प्लेसची वाट

एवढे करूनही चाक ऐकत नसेल तर ते झिजले आहे. दिल्लीत अशा वेळी पाय आपोआप नेहरू प्लेसकडे वळतात. दक्षिण दिल्लीतले हे व्यापारी संकुल कित्येक वर्षांपासून संगणकाच्या सामानाची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. २०१० पासून तिथे मेट्रो जाते, त्यामुळे ज्येष्ठांनाही जाणे सोपे झाले आहे. उंच इमारतींच्या मधल्या चौकात आणि जिन्याखालच्या लहानलहान गाळ्यांत कोणी लॅपटॉपचा पडदा बदलत असतो, कोणी प्रिंटरची शाई भरत असतो.

माऊस पुढे केला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ''अंकल, नया ले लो।'' त्याचे गणित चुकीचे नसते. साधा वायरचा माऊस काहीशे रुपयांत येतो आणि जुन्याचा तो बारीक भाग डाग देऊन काढण्यात, नवा बसवण्यात कारागिराचा जो वेळ जातो, त्याचे मोल जवळपास तेवढेच होते. महागडा माऊस असेल, हाताला बसलेला असेल, तर मात्र दुरुस्तीचा आग्रह धरावा. चाकाचा तो भाग वेगवेगळ्या उंचीचा मिळतो; जुन्याच्या मापाचाच बसवायला हवा, नाहीतर चाक वर उचलले जाते किंवा आत दबते.

नवा घ्यायचा ठरला तर तो दुकानातच पाच मिनिटे चालवून पाहावा. चाकाला हलक्या खुणा जाणवतात का, बोटाला जोर द्यावा लागतो का, हे हातानेच कळते. सांधेदुखी असलेल्यांनी सैल चाकाचा, थोडा मोठा माऊस निवडावा. पावती जरूर घ्यावी. दुरुस्ती आणि सुट्या भागांविषयी कंपन्यांची माहिती एके ठिकाणी मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चे संकेतस्थळ सुरू केले आहे. वॉरंटी असूनही कोणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि जुना माऊस? तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ईशान्य दिल्लीतल्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत शहराचा इलेक्ट्रॉनिक कचरा येऊन पडतो. तांब्यासाठी वायरी जाळणे, धातूसाठी आम्ल वापरणे अशी कामे तिथले गरीब लोक करत आले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत संगणक आणि त्याबरोबरची साधनेही येतात. सोसायटीत ई-कचरा गोळा करणारी अधिकृत संस्था येत असेल तर जुन्या चार्जरांबरोबर माऊसही तिच्याच हवाली करावा.

खरा धोका वेगळाच

इथवरचे नुकसान फार तर काहीशे रुपयांचे आहे. पण बिघडलेल्या माऊसपायी बँकेचे खाते रिकामे होऊ शकते, हे मात्र घरातल्या प्रत्येकाने ऐकून ठेवायला हवे.

मुलगा ऑफिसात, नातू शाळेत. पुन्हापुन्हा विचारायचा संकोच. अशा वेळी घरातला एकटा माणूस इंटरनेटवर 'माऊस चालत नाही' असे लिहितो आणि समोर आलेल्या पहिल्याच 'हेल्पलाइन'ला फोन लावतो. किंवा पडद्यावर एकाएकी लाल सूचना झळकते, 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा.' पलीकडचा आवाज अतिशय नम्र असतो. तो एक छोटा कार्यक्रम उतरवून घ्यायला सांगतो, ज्यामुळे संगणकाचा ताबा त्याच्याकडे जातो. मग तो विंडोजमधली नोंदींची यादी उघडून दाखवतो. त्यात कित्येक ओळींसमोर लाल खुणा असतात. ''पाहा, किती बिघाड आहेत!'' खरे तर धडधाकट संगणकातही अशा खुणा असतातच. पण पाहणाऱ्याचे धाबे दणाणते. मग दुरुस्तीचे शुल्क, त्यासाठी बँकेचे पान, त्यासाठी ओटीपी.

बनावट तांत्रिक मदतीचा हा धंदा किती पसरला आहे, याची कल्पना ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींनंतर अशा कॉल सेंटरांविरुद्ध गुन्हे दाखल झाले. सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' या मोहिमेत देशभरात ७६ ठिकाणी छापे घातले. त्या तक्रारींत फसवले गेलेले लोक परदेशातले होते, पण युक्ती कुठल्याही भाषेत चालते.

तेव्हा नियम एकच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. पडद्यावर नंबर दिसला की ती सूचना खोटी. ती खिडकी बंद होत नसेल तर सरळ संगणक बंद करावा. माऊसच्या चाकासाठी संगणकाचा ताबा अनोळखी माणसाला द्यावा लागत नाही. तो मागणारा चोर समजावा. पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

चाकावाचून अडत नाही

एकट्या माणसाला त्या फोनकडे नेते ती अडलेपणाची भावना. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत काम कसे चालवायचे, हे आधीच माहीत असावे. चाक हे पान सरकवण्याचे एक साधन आहे, एकमेव नाही. घरातल्या मुलांनी एका कागदावर मोठ्या मराठी अक्षरांत पुढची टिपणी लिहून पडद्याशेजारी चिकटवावी.

● पुढचा मजकूर हवा : सर्वांत लांब कळ, म्हणजे 'स्पेस' किंवा 'पेज डाऊन'.
● मागचा मजकूर हवा : 'शिफ्ट' धरून 'स्पेस' किंवा 'पेज अप'.
● थोडेसेच सरकायचे : खाली-वर बाणाच्या कळा.
● अगदी सुरुवातीला : 'होम'. अगदी शेवटी : 'एंड'.
● पान पळत सुटले : 'एस्केप'.
● अक्षरे लहानमोठी झाली : 'कंट्रोल' आणि शून्य.
● पडद्यावर फोन नंबर दिसला : फोन करायचा नाही. संगणक बंद.

हा कागद लिहायला पाच मिनिटे लागतात. तो लिहून देण्याआधी त्या कळा आजी-आजोबांकडून एकदा प्रत्यक्ष दाबून घ्याव्यात. त्यांच्या हातातून माऊस ओढून घेऊन स्वतःच भराभर दोन क्लिक करून देणे हे सोपे असते, पण त्यातून समोरच्याला काही येत नाही. उलट 'तुम्हाला नाही जमायचे' एवढेच न बोलता सांगितले जाते. शाळेत आपल्याला अक्षरे गिरवायला शिकवताना याच हातांनी आपला हात धरला होता, पेन्सिल काढून घेतली नव्हती.

पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनासारख्या ठिकाणी दिल्लीतली मराठी माणसे एकत्र येतात. गणेशोत्सवात, कोजागिरीला कार्यक्रम होतात. त्यात एखादी दुपार अशा घरगुती दुरुस्त्यांसाठी ठेवायला काय हरकत आहे? घरोघरचे रुसलेले माऊस टेबलावर मांडावेत, मुलांनी ब्लोअर आणि चिमटे आणावेत आणि ज्येष्ठांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा माऊस साफ करावा. चाकाला गुंडाळलेला केसांचा पुंजका चिमट्यात आला की मनातली भीतीही त्याच्याबरोबर निघून जाते.

संगणक, मोबाइल, मिक्सर, गीझर, सगळी यंत्रे कधीतरी बिघडणारच. बिघाड झाला की घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. ''तुम्ही काय केलंत?'' या प्रश्नाने माणूस गप्प होतो. ''काय होतंय, दाखवा बघू,'' असे म्हटले की तो शेजारची खुर्ची ओढून देतो आणि सांगू लागतो.